पाचशे टन आणि पाच टन

दोनशे मीटर खोलीवरच्या कोळसा खाणीत उभं राहिलं, की डोक्यावरच्या दर चौरस मीटरला पाचशे टन खडक असतो. हिशेब साधा आहे. एक घनमीटर वालुकाश्म भरतो सुमारे अडीच टन, असे दोनशे घनमीटर एकावर एक. आणि हे छत सांभाळायला माणसाने काय लावलेलं असतं? २०-२२ मिलिमीटर जाडीच्या, दीड-पावणेदोन मीटर लांबीच्या लोखंडी कांबी, म्हणजे रूफ बोल्ट. प्रत्येकाखाली एक चौकोनी लोखंडी पट्टी. कुठे एखादा गर्डर, कुठे लाकडाचा खुंटा. या सगळ्यांची मिळून ताकद दर चौरस मीटरला दहा-बारा टनांच्या पुढे सहसा जात नाही.

मग उरलेले चारशे नव्वद टन कोण धरतं?

हा प्रश्न मला पडला तेव्हा मी नागपुरात भूशास्त्र शिकत होतो. बाबा चंद्रपूरकडच्या एका भूमिगत खाणीत मायनिंग सरदार, म्हणजे छत तपासून मगच माणसांना पुढे सोडणारे, होते. सुट्टीत घरी आल्यावर मी त्यांना हा हिशेब मोठ्या ऐटीत मांडून दाखवला. त्यांनी बनियनवर बसून चहा पिता पिता ऐकला आणि म्हणाले, "दगडाले दगडच धरते. आपन धरतो म्हंतो, ते हाजरीबुकासाठी."

पुस्तकातलं उत्तर याहून फार वेगळं नाही, फक्त लांब आहे. खाणीत बोगदा, म्हणजे आमच्या भाषेत गॅलरी, काढली की वरून सरळ खाली येणारा भार त्या पोकळीपाशी अडतो. पोकळी भार घेऊ शकत नाही. मग तो वळतो, डावी-उजवीकडे सरकतो आणि शेजारच्या न काढलेल्या कोळशात उतरतो. वरच्या खडकात एक अदृश्य कमान तयार होते. आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खाणी बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या गॅलऱ्या काढायच्या आणि मध्ये कोळशाचे चौकोनी खांब सोडायचे. हे खांब केवढे हवेत ते मालकाच्या मर्जीवर नाही. कोळसा खाण विनियमांत खोली आणि गॅलरीच्या रुंदीनुसार तक्ता दिलेला आहे. गॅलरी ४.८ मीटर रुंद असेल आणि खोली साठ मीटरच्या आत असेल, तर दोन खांबांच्या मध्यांमधलं अंतर निदान १९.५ मीटर. खोली ३६० मीटरच्या पुढे गेली की तेच ४८ मीटर. खोल जाल तितका कोळसा मागे सोडा. त्या पाचशे टनांचं भाडं कोळशातच भरायचं असतं.

आता कमानीच्या खाली, गॅलरीच्या लगेच वर, जो मीटर-दोन मीटरचा खडक राहतो त्याचा प्रश्न. तो कमानीत नाही, त्याला खालून आधार नाही. तो खऱ्या अर्थाने लटकलेला असतो. बोल्ट असतात ते याच्यासाठी. धनबादच्या खाण संशोधन संस्थेने बसवलेल्या सूत्रात हा भार मोजता येतो. मध्यम-कमजोर छत आणि ४.८ मीटरची गॅलरी असेल तर तो निघतो दर चौरस मीटरला पाच-सहा टन. छत चांगलं असेल तर दोनच. पाचशे टन खांबांचे, पाच टन आपले. भूमिगत कोळसा खाणींत अनेक दशकं सगळ्यात जास्त माणसं छत आणि बाजू कोसळून गेली, आणि त्यातली बहुतेक या पाच टनांखाली गेली.

हा लटकलेला थर म्हणजे एक तुळई आहे, दोन्ही टोकांना खांबांवर रुतलेली आणि स्वतःच्याच वजनाने वाकणारी. तिचं गणित मला फार आवडतं, कारण ते माणसाच्या हव्यासाला जागेवर पकडतं. तुळईचा झोल तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. चार मीटरची गॅलरी ऐंशी सेंटिमीटरने रुंद केली तर रुंदी वाढते वीस टक्के, पण झोल होतो दुपटीहून किंचित जास्त. आणि जिथे दोन गॅलऱ्या एकमेकींना छेदतात त्या चौफुलीवर ४.८ मीटरचं अंतर कर्णाने मोजलं की पावणेसात मीटरच्या पुढे जातं. त्यात गाडीने वळताना खांबाचे कोपरे घासले, ब्लास्टिंगने उडवले, की आणखी वाढलं. चौफुल्यांवर छत जास्त पडतं याचं कारण इतकं सरळ आहे. बाबा चौफुलीवर कुणाला उभं राहून तंबाखू मळू देत नसत.

जाडीचं गणित याच्या उलट चालतं. पंचवीस सेंटिमीटरचे चार थर एकमेकांवर नुसते पडलेले असतील तर त्यांचा ताठपणा चार थरांचा. तेच चार थर एकजीव झाले, एक मीटरची एकच तुळई झाली, तर ताठपणा सोळा पट. बोल्ट हेच करतो. छतात भोक पाडून रेझिन किंवा सिमेंटच्या कॅप्सूलने कांब पूर्ण लांबीभर चिकटवली, की थर एकमेकांवर घसरायचे थांबतात. बोल्ट छताला टांगतो अशी समजूत असते. काही ठिकाणी वर भक्कम वालुकाश्म हाताशी असेल तर टांगतोही. पण जास्त करून तो छताला छतच बनवतो. म्हणून बोल्ट लावायची वेळ महत्त्वाची. थर एकदा सुटून वाकले, त्यांच्यात फट पडली, की नंतर ठोकलेला बोल्ट म्हणजे फाटलेल्या जागी लावलेली टाचणी. छत उघडं पडल्यावर लगेच, ते अजून एकसंध असताना त्याला बांधायचं. उशिरा लावलेले दुप्पट बोल्ट वेळेवर लावलेल्या निम्म्यांची बरोबरी करत नाहीत, आणि उत्पादनाच्या घाईत सगळ्यात आधी मागे पडतो तो बोल्टच.

पण थर येतात कुठून? इथे मला माझा विषय सापडतो आणि मी जरा रेंगाळतो.

वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकर काळातला, सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा चंद्रपूर, वणी, माजरी, बल्लारपूर या पट्ट्यात रुंद, उथळ, सतत पात्र बदलणाऱ्या नद्या होत्या आणि त्यांच्या कडेने ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडांची जंगलं. दलदलीत साचलेल्या झाडपाल्याचा कोळसा झाला. त्यावर पुराचा गाळ आला, त्याचा शेल झाला. मग नदी सरकून त्या जागी आली, तिची वाळू पसरली, तिचा वालुकाश्म झाला. खाणीतलं छत म्हणजे जंगल बुडाल्यानंतर तिथे काय घडलं त्याची नोंद. संथ पाणी होतं तिथे कागदासारखा पातळ पापुद्र्यांचा शेल, पापुद्र्यांमध्ये अभ्रकाची चमक, आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे सुटायला तयार असलेली एक जागा. जोरदार प्रवाह होता तिथे जाड, दणकट वालुकाश्म. पण त्या प्रवाहाने खालचा कोळसा कुठे कुठे खरवडून नेलेला, त्यामुळे छत अचानक खाली झुकतं आणि त्या वाकणाच्या कडेला गुळगुळीत, निसरडे पृष्ठभाग तयार होतात. एकाच गॅलरीत पन्नास पावलांवर छताची जात बदलते. वर्धा खोऱ्यातले थर बऱ्याच ठिकाणी दहा-पंधरा मीटर जाड, आणि वरचा शेल कमजोर. म्हणून तिथे वर थोडा कोळसाच शिल्लक ठेवून त्याचं छत करायची रीत पडली. काही जागी कोळसा शेलपेक्षा जास्त विश्वासू असतो. याच्याही वर कामठीचे सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारे वालुकाश्म. नागपूरजवळच्या कामठीचं नाव त्या खडकसमूहाला देशभर लागलं आहे, हे कामठीत राहणाऱ्यांना क्वचित माहीत असतं.

छताला शंभरपैकी गुण द्यायची एक पद्धत आपल्याकडे १९८०च्या दशकात तयार झाली आणि आजही आधाराचा आराखडा तिच्यावर ठरतो. थरांच्या जाडीला ३० गुण, रचनेतल्या दोषांना, म्हणजे सांधे, भ्रंश, स्लिप यांना, २५. हवा-पाण्याने खडक किती विरघळतो याला २०, खडकाच्या ताकदीला १५ आणि झिरपणाऱ्या पाण्याला १०. या वाटणीत मला एक शहाणपण दिसतं. ज्याला सामान्य माणूस 'दगड किती मजबूत' म्हणतो त्या ताकदीला फक्त १५ गुण. प्रयोगशाळेत दाबून फोडलेला वालुकाश्मचा नमुना कितीही दणकट निघो, तो खाणीत दहा-दहा सेंटिमीटरच्या थरांत येत असेल तर छत नापासच. आणि विरघळण्याचे २० गुण पाहून मला पावसाळा आठवतो. जुलै-ऑगस्टची दमट हवा पंखा खाणीत ओढतो, थंड छतावर ओल धरते, आणि उन्हाळाभर शहाण्यासारखा राहिलेला शेल फुगून पापुद्रे टाकायला लागतो. शेलचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा, काही तर तासाभरात चिखल होतात.

तरी या गुणांवर माझा एक आक्षेप आहे. ती सरासरी आहे. बेचाळीस गुणांचं छत म्हणजे सगळीकडे बेचाळीस नव्हे. माणूस सरासरीखाली मरत नाही, एका स्लिपखाली मरतो.

स्लिप म्हणजे खडकातली तिरकी, घासून चकचकीत झालेली चीर. एकटी असेल तर निभावतं. दोन स्लिप वर जाऊन एकमेकींना मिळाल्या, की मध्ये पाचरीसारखा तुकडा सुटा होतो. त्याला वर काहीही धरून ठेवत नाही. तो केवळ खालच्या कोळशावर टेकलेला असतो, आणि कोळसा काढला की टेकू गेला. तो वाकत नाही, कुरकुरत नाही, माती टाकत नाही. सरळ येतो. असा तुकडा आधी ओळखायचा एकच उपाय, छतावर दिवा टाकून रेषा वाचत जाणं. बाबांचा निम्मा वेळ मान वर करून जाई. शेवटी शेवटी मानेचा पट्टा लागला तो त्याचाच प्रसाद.

दुसरा निम्मा वेळ ठोकण्यात. हातात लोखंडी काठी, पावलापावलाला छतावर एक टोला, आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवलेली. बाजारात मडकं घेताना बाई जसं ठोकून पाहते तसंच. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर वर फट आहे. बोटं आवाजाबरोबर कंपही वाचतात. सुटलेला थर कानाला कळायच्या आधी बोटांना कळतो. माझ्या प्रशिक्षणाच्या काळात मीही ठोकून पाहिलं. आवाजातला फरक कळला, पण त्यावर तीस माणसांना पुढे पाठवायचं की नाही हे ठरवता येईल इतका नाही. या चाचणीची मर्यादाही जुन्या सरदारांना ठाऊक असते. फट छतापासून वीतभर वर असेल तर टोला चुगली करतो. फट मीटरभर वर असेल तर खालचा जाड पत्थर खणखणीतच वाजतो. म्हणजे सगळ्यात जड तुकडा सगळ्यात चांगला वाजतो.

६ मार्च २०२५ला मध्य प्रदेशच्या बैतुल जिल्ह्यात, पाथाखेड्याच्या छतरपूर-१ खाणीत छत कोसळून तीन जण गेले. खाण नागपूर मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सची, त्यामुळे आमच्याकडच्या कॉलन्यांमध्ये संध्याकाळपर्यंत फोन फिरत होते. गेलेले तिघेही देखरेखीवरचे होते: एक शिफ्ट इन्चार्ज, एक ओव्हरमन, एक मायनिंग सरदार. ज्यांचं कामच छत वाचायचं. मरणारा नवखा होता, निष्काळजी होता, असं म्हणून सुटका करून घ्यायची सवय खाणीबाहेरच्यांना असते. हे तिघे त्या सोयीत बसत नाहीत. छत तपासायला कुणाला तरी सगळ्यात आधी त्याच्याखाली जावं लागतं.

इथपर्यंत मी वरून येणाऱ्या वजनाबद्दलच बोललो. खडकाला आडवाही दाब असतो, आणि तो कुठून येतो हे कळलं तेव्हा मी काही दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. भारताचा भूखंड वर्षाला चार-पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे, ईशान्येकडे सरकतो आहे आणि आशियाला भिडला आहे. त्या धडकेतून हिमालय उभा राहिला, पण ढकलणं थांबलेलं नाही. त्याचा दाब सगळ्या द्वीपखंडभर खडकात भरून राहिला आहे. देशाच्या मध्यभागी घेतलेल्या मोजमापांत सगळ्यात मोठ्या आडव्या दाबाची दिशा साधारण उत्तर-ईशान्य ते ईशान्य अशी येते. म्हणजे विदर्भातल्या एखाद्या गॅलरीच्या छतातही हिमालयाचा थोडा हिस्सा आहे.

आडवा दाब बेताचा असला तर उपकारच. तो तुळईला दोन्ही बाजूंनी आवळून धरतो, उभे सांधे मिटवून ठेवतो. फार झाला तर पातळ थर चिमटीत धरल्यासारखे वर-खाली वाकून फुटतात. मग गॅलरीच्या एका बाजूला, छत आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात, लांबच लांब खाच पडत जाते आणि छत त्या बाजूने तुटून येतं. गंमत अशी, की हे दिशेवर ठरतं. गॅलरी दाबाच्या दिशेने काढली तर दाब तिच्या बाजूने निघून जातो, आडवी काढली तर सगळा दाब छताच्या त्या थोडक्या खडकातून जायला बघतो. म्हणून काही खाणींत डिपच्या, म्हणजे थराच्या उताराने जाणाऱ्या, सगळ्या गॅलऱ्या वर्षानुवर्षं टिकतात आणि त्यांना काटकोनातल्या सपाट गॅलऱ्या, म्हणजे लेव्हल, सारख्या पडत राहतात. तोच खडक, तीच खोली, तेच बोल्ट. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या खोल खाणींत आडवा दाब उभ्याच्या दुपटीपर्यंत मोजला गेला आहे, आणि तिथे खाणीचा आराखडाच त्या दिशेकडे पाहून आखतात. आपल्या बऱ्याच खाणी उथळ, त्यामुळे इकडे लक्ष उशिरा गेलं. भ्रंशाजवळ तर दाब दिशाही बदलतो, त्यामुळे एका बाजूचा अनुभव दुसऱ्या बाजूला लावता येत नाही.

सगळ्यात अवघड काम खांब काढायचं, डिपिलरिंगचं. आजवर ज्यांनी भार धरला तेच खांब मागे सरकत सरकत काढायचे आणि मागचं छत मुद्दाम पडू द्यायचं. पडलेल्या भागाला गोफ म्हणतात. इथे नियम उलटा होतो: छत पडलं तर बरं, नाही पडलं तर भीती. जाड, अखंड वालुकाश्म गोफावर पडवीसारखा लटकत राहतो आणि त्याचा सगळा भार पुढच्या खांबांवर चढत जातो. जुनी माणसं तेव्हा लाकडी खुंट्याजवळ बसत. लाकूड आधी कुरकुरतं, चिरतं, साल टाकतं, मग मोडतं. लोखंड गप्प राहून वाकतं. आता टेलटेल नावाची साधी रंगीत पट्ट्यांची नळी छताच्या भोकातून लोंबते. थर सुटू लागले की हिरवा पट्टा आत जाऊन पिवळा, मग लाल दिसतो. ती चांगली सोय आहे, पण जिथे बसवली तिथलंच सांगते. छत्तीसगडच्या चुरचा खाणीत कोळशाच्या वर डोलेराइट या अग्निजन्य खडकाची जाड, कठीण पाटी आहे. १९९०मध्ये ती लटकत राहून एकदम तुटली आणि तिच्या तडाख्याने लाँगवॉलचे, म्हणजे कोळशाची एक लांबच लांब भिंत सलग कापत जाण्याच्या पद्धतीचे, हायड्रॉलिक आधार मोडून पडले. दगड कमजोर होता म्हणून नव्हे, फार मजबूत होता म्हणून.

आणि खांबच गेले तर? दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुकला २१ जानेवारी १९६०ला मोठ्या भागातले खांब थोड्याच वेळात एकामागून एक चिरडले. ४३५ माणसं आत राहिली, ती कधीच बाहेर काढता आली नाहीत. त्याआधी डिसेंबरच्या शेवटी त्याच खाणीचा एक भाग बसला होता, तरी काम चालू राहिलं. तिथे खांब तेच ठेवून वरचा कोळसा काढला जात होता, म्हणजे खांबांची उंची वाढवली जात होती. त्या दुर्घटनेनंतर सॅलमन आणि मन्रो या संशोधकांनी टिकलेल्या ९८ आणि कोसळलेल्या २७ जागा तपासून १९६७मध्ये खांबाच्या ताकदीचं सूत्र मांडलं. त्यानुसार उंची दुप्पट केली की ताकद जवळपास ३७ टक्क्यांनी घटते. दहा-पंधरा मीटर जाड थरांच्या आमच्या पट्ट्यात हे सूत्र भिंतीवर रंगवून ठेवावं असं मला वाटतं. आणखी थोडा वरचा काढू, या मोहाला ते आकड्यात उत्तर देतं.

खाण बंद झाली म्हणून छताचं काम संपत नाही. बोल्ट गंजतात, खांबांच्या कडा झडतात, पाणी भरतं, कधी उपसलं जातं. ऑगस्ट २०२२मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत साठ-सत्तर फूट खाली गेलं. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली होती. खाली जुन्या भूमिगत खाणीच्या गॅलऱ्या. शेजारच्या कुटुंबांना हलवावं लागलं.

अशा खड्ड्यामागचं शास्त्र छताच्या शास्त्राचीच पुढची पायरी आहे. छताचा तुकडा पडला की त्याच्या जागी पोकळी, मग तिच्या वरचा तुकडा पडतो, आणि पोकळी धुराड्यासारखी वर चढत जाते. ती आपोआप थांबायला एकच गोष्ट मदत करते: फुटलेला खडक फुगतो, वीस-तीस टक्के जास्त जागा घेतो. तीन मीटर उंच गॅलरीवर दहा-पंधरा मीटर चढेपर्यंत ढिगारा पोकळी भरून काढतो आणि प्रकरण तिथेच मिटतं. पण गॅलरीच जमिनीखाली वीस-पंचवीस मीटरवर असेल, वर खडक थोडका आणि काळी माती, नदीचा गाळ जास्त असेल, आणि पावसाळ्यातलं पाणी तो गाळ धुऊन गॅलरीत दूर नेत असेल, तर पोकळी भरतच नाही. ती वर येते.

म्हणजे कुठली जागा धोक्याची हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं. गॅलरीची खोली, वरच्या खडकाची जाडी, खांबांचा आकार, पाण्याची पातळी, एवढं कळलं की पुरे. खाण सोडताना तिचे नकाशे खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावे लागतात, म्हणजे कागद कुठे तरी आहेत. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, राजूर इथल्या वॉर्डांच्या नकाशांवर ते एकदा बसवून पाहायला हवेत. आमच्या भागात घर बांधताना सातबारा मागतात, टॅक्सची पावती मागतात, शेजाऱ्याची संमती मागतात. खाली गॅलरी किती मीटरवर आहे, हे माझ्या ओळखीत अजून कुणाला विचारलेलं नाही.